रिकाम्या खोलीची शांतता

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. त्यामुळे आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. 'नव्हता' असं लिहितेय. 'नाही' लिहायला हात धजत नाही, यावरून काय ते समजा.

ही कुणाकडून कुणाकडे आलेली गोष्ट नाही. माझ्या मावसभावाच्या घरात घडली. तिचा शेवट मी स्वतः तिथे उभी राहून पाहिला आहे.

आणि रात्र नव्हती. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. भर दुपार होती. पडदे उघडे, बाहेर लख्ख ऊन, समोरच्या गच्चीत कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या.

दुपारच निवडायला कारण होतं. चौथ्या मजल्यावरचं ते घर दुपारीच सगळ्यात शांत असायचं. शेजारी कामावर, मुलं शाळेत, पाण्याचा पंप बंद. माझ्या या मावसभावाला, दादाला, शांतता लागायची. त्याचं कामच तसं होतं.

दादा साउंड रेकॉर्डिस्ट. जाहिरातींच्या, छोट्या फिल्मच्या शूटिंगवर आवाज टिपणारा. घरात आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. ताटावर वाटी आपटली तरी म्हणणार, "कालच्यापेक्षा जरा वर वाजली." त्याची आई, म्हणजे माझी मावशी, ठार नाही पण बऱ्यापैकी बहिरी. कानात यंत्र घालते. ती म्हणायची, "माझ्या वाटणीचे कानसुद्धा हाच घेऊन जन्माला आला मेला."

शूटिंगवर त्याचा एक नियम होता. सगळं आटोपलं की तो एक हात वर करायचा. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. बोलायचं नाही, पाय सरकवायचा नाही, जमलं तर श्वासही अडवून धरायचा. एक मिनिटभर तो त्या खोलीची नुसती शांतता टिपून घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे संवादांची कापाकापी करताना मधल्या फटी त्याच शांततेने बुजवाव्या लागतात.

मिनिट संपलं की हात खाली यायचा आणि दादा म्हणायचा, "झालं."

त्याने 'झालं' म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही. मोठमोठे दिग्दर्शकही खांबासारखे उभे राहायचे.

वहिनी त्याला अशाच एका मिनिटात भेटली. ती त्या शूटिंगवर कपडेपट सांभाळत होती. सगळे चिडीचूप, दादाचा हात वर, आणि हिला शिंक आली. दादाने मान वळवून असं काही पाहिलं म्हणे, की घाबरून तिला दुसरी आली.

लग्न झाल्यावर त्यांनी हे घर घेतलं. सामान यायच्या आधी, रिकाम्या खोलीत, दादाने सवयीप्रमाणे रेकॉर्डर काढला. वहिनीने पैज लावली. "या वेळी एक आवाज नाही माझा. मिनिटभर श्वास रोखून दाखवते. बघच तू."

ती खिडकीपाशी उभी राहिली. दादाने हात वर केला.

ते रेकॉर्डिंग मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. न्हाणीघरातल्या नळाचा थेंब. लांबवर एक गाडी. बाकी काही नाही. पैज तिने जिंकली होती. मिनिट संपता संपता तिचा कोंडलेला आवाज येतो... "झालं?" आणि तिचं हसू फुटतं. तेवढ्यात दादाने बटण दाबलेलं. तोही हसत होता. त्याने उत्तर दिलंच नाही.

पुढे काही वर्षांनी वहिनीची फुप्फुसं घट्ट होत गेली. त्याला औषध नव्हतं. जी पैजेवर श्वास रोखायची, तिला एक वाक्य तीन तुकड्यांत बोलावं लागायला लागलं. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस घरघरत असे. एके दिवशी ती घरघर बंद झाली.

ती शांतता दादाने टिपली नाही.

त्यानंतर तो कामं कमी घ्यायला लागला. फावल्या वेळात एका वेबसाइटसाठी हेडफोन आणि त्यांच्या उपकरणांची परीक्षणं लिहायचा. तपासायला त्याने एकच रेकॉर्डिंग ठरवलं होतं. तेच. कारण देताना तो शास्त्रीय कारण द्यायचा. "गाण्यात खोट लपते गं. शांततेत लपत नाही. आणि या मिनिटातला कण अन् कण मला पाठ आहे."

आम्ही मान डोलवायचो.

मग ती डबी आली.

हेडफोनचा ॲम्प. खिशात मावणारा, काळ्या पत्र्याचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. मोठ्या हेडफोनना मोबाईलचा आवाज पुरत नाही, म्हणून मध्ये असली डबी लावतात. तोच आवाज, जरा ताकदीने. ही स्वस्तातली होती. कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं. वेबसाइटचा संपादक फोनवर म्हणाला, "दोन परिच्छेद लिहून टाक. खरखर असणारच, पण बिचाऱ्याला फार झोडू नकोस."

दादाने दुपारी जेवण उरकलं. मावशी आत पडली होती. त्याने डबी मोबाईलला लावली, हेडफोन चढवले आणि ते मिनिट सुरू केलं.

खरखर नव्हती.

अजिबात नव्हती. स्वस्त ॲम्पला स्वतःचा एक आवाज असतो, दूरवर कुणी तळण काढतंय असा. महागड्यांनाही थोडा असतोच. इथे काहीच नाही. पाटी पुसावी तसं सगळं स्वच्छ.

नळाचा थेंब इतका स्पष्ट पडला की दादाने मान वळवून न्हाणीघराकडे पाहिलं. तो नळ कधीच बदललेला होता.

मग त्याला आणखी काहीतरी ऐकू आलं.

कापडाची सळसळ. खिडकीपाशी. कुणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला होता.

हे त्याने आजवर कधीच ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती सळसळ तिथेच होती, बाकीच्या ॲम्पनी आपल्या खरखरीखाली दाबून ठेवली होती! त्याने लगेच लिहायला घेतलं, 'या किमतीत अशी शांतता मी ऐकलेली नाही.'

लिहिता लिहिता तो थांबला.

"झालं?" अजून आलं नव्हतं.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. मिनिट संपत आलं होतं. ते जिथे यायचं ती जागा मागे गेली होती. मग अगदी काठावर... "झालं?"

आलं. पण हसू आलं नाही.

दादा माझ्यासारखाच, खुंटा हलवून बघणारा. त्याने तीच फाइल आपल्या जुन्या, मोठ्या ॲम्पवर लावली. तिथे सगळं जागच्या जागी होतं. "झालं?" वेळेवर, मागोमाग हसू. परत डबीवर लावली.

उशीर.

त्याने मला फोन केला. "शास्त्रज्ञ बाई, एक सांगा. ॲम्प आवाज उशिरा देऊ शकतो?"

"नाही," मी म्हणाले. "ॲम्पला काळ कळत नाही, दादा. जे येतं ते मोठं करून पुढे ढकलतो. पोस्टमन आहे तो."

"मग पोस्टमन वाटेत कुठे बसतो गं?" तो हसला. मीही हसले.

दुसऱ्या दुपारी फाइल संपली. स्क्रीनवर काटा शेवटाला जाऊन थांबला. मोबाईल गप्प झाला.

हेडफोनमधली शांतता संपली नाही.

ती तशीच चालू होती. खोलीची शांतता. ओळखीची. नळाचा थेंब पडला. दादाने वायर मोबाईलमधून उपटली. थेंब पडतच राहिला.

मग घशात आवंढा गिळल्याचा आवाज.

कुणीतरी श्वास धरून ठेवला होता, आणि आता त्याला ते जड जात होतं.

दादा हालला नाही. खूप वेळाने, दाताखाली दाबून धरल्यासारखं, आलं... "झालं?"

त्या आवाजात पैज नव्हती. दादाने तो आवाज ओळखला. घर घेतलं तेव्हाचा तो नव्हता. शेवटच्या महिन्यांतला होता. यंत्राशेजारचा.

यानंतर कुणीही शहाणा माणूस ती डबी खिडकीतून भिरकावेल. दादाने नाही भिरकावली. उलट जेवण लवकर उरकायला लागला. दुपार झाली की दार लोटून बसायचा. परीक्षण अर्धवट राहिलं. संपादकाचे फोन वाजून वाजून बंद झाले.

मावशीला वाटलं, पोरगा गाणी ऐकतोय, बरंच आहे. एका दुपारी ती चहा घेऊन गेली. झोपेतून उठलेली, कानात यंत्र नव्हतं. यंत्राशिवाय तिला दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही.

"मलाही ऐकव की," ती म्हणाली. "सारखा एकटाच काय ऐकतोस?"

दादा नको नको म्हणत होता. तिने गमतीने त्याच्या डोक्यावरचे हेडफोन काढून आपल्या कानांना लावले.

ती ऐकत राहिली. हातातला कप कलंडला, चहा बशीत सांडला.

"अरे..." ती म्हणाली. "हिला श्वास का घेऊ देत नाहीस?"

दादाने तिला काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं.

"गुदमरतेय रे ती. किती वेळ उभी केलीयस? सांग तिला झालं म्हणून!"

त्या संध्याकाळी मावशीने मला बोलावून घेतलं. मी गेले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, दोघंही एकटी पडली आहेत, मनाचे खेळ आहेत. मी दादाकडे ती डबी दोन दिवसांसाठी मागितली. हातातून सोडवत नसल्यासारखी त्याने ती दिली.

माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ती मोजली.

आता हे नीट वाचा, कारण मला छळतं ते हेच आहे. डबी अगदी सामान्य निघाली. खरखर होती. भरपूर होती. संपादक म्हणाला होता तेवढी, किंबहुना जास्तच. मी वेगवेगळे आवाज लावले, गाणी लावली, काहीच न लावता ठेवली. प्रत्येक वेळी तेच तळण.

मग ते मिनिट लावलं.

खरखर थांबली.

बंद पडली नाही, थांबली. वर्गात कुणी हात वर करावा आणि कुजबूज विरावी, तशी. ज्या क्षणी ते रेकॉर्डिंग सुरू झालं, त्या क्षणी त्या यंत्रातलंसुद्धा सगळं जागच्या जागी उभं राहिलं.

शांतता डबीची नव्हतीच. डबी फक्त दादाचा नियम पाळत होती.

मी डबी घेऊन परत गेले आणि त्याला हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ती अजून त्या मिनिटातच आहे," तो म्हणाला. "मी झालं म्हटलंच नाही ना तेव्हा."

"मग आता म्हण," मावशी म्हणाली.

"म्हणालोय. रोज म्हणतो. ओरडून म्हणतो." त्याने हेडफोन उचलून दाखवले. "यातून बाहेर येतं फक्त, आई. आत काही जात नाही."

मग मीच म्हणाले. म्हणायला नको होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणाले, "फाइलमध्येच घाल. शेवटाला तुझं 'झालं' जोड. मग ते तिच्याच खोलीत वाजेल."

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला ते करायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. ती मोकळी झाली असती. म्हणजेच गेली असती. दुपारी बसायला मग काय उरलं असतं?

"तिचे हाल बघवतात का तुला?" मावशीने विचारलं.

त्याने रेकॉर्डर काढला. खिडकीपाशी उभा राहिला, घसा साफ केला आणि एकच शब्द टिपला. तो फाइलला जोडला. आधी मोठ्या ॲम्पवर वाजवून पाहिलं. मीही ऐकलं.

थेंब. गाडी. "झालं?" हसू. मग दादाचा आवाज, "झालं."

किती साधं होतं! बायकोने विचारलं, नवऱ्याने सांगितलं. मावशीला मी सांगितलं तेव्हा ती पदराआड रडली.

मग डबी.

दादा खुर्चीत बसला. हेडफोन चढवले. मिनिट सुरू केलं, आणि नकळत, जुन्या सवयीने, त्याचा एक हात वर गेला.

मी स्क्रीनकडे बघत होते. काटा पुढे सरकत होता. वहिनीची जागा गेली. दादाच्या 'झालं'ची जागा आली. गेली. फाइल संपली.

दादाचा हात वरच होता.

"आलं?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

आम्ही थांबलो. खोलीत घड्याळ होतं, पण त्याची टिकटिक मला ऐकू येत नव्हती. समोरच्या गच्चीतल्या चादरी वाऱ्याने हलत होत्या, आवाज न करता.

मग मला कळलं. आम्ही उत्तर मिनिटाच्या शेवटाला ठेवलं होतं. आणि तिथे, तिच्या बाजूला, मिनिट संपतच नव्हतं.

"दादा, हात खाली घे," मी म्हणाले.

मावशी पुढे झाली. तिने त्याचा दंड धरला. "झालं रे बाळा. झालं. सोड आता." ती तो हात ओढत होती. हात हालला नाही.

दादाने तिच्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही. शूटिंगवर कुणी मध्येच बोललं की बघायचा, तसं. दुसऱ्या हाताचं बोट त्याने ओठांवर ठेवलं.

श्श...

आणि मला दिसलं की त्याची छाती हालत नाहीये.

मी हेडफोन ओढून काढले. तो धाडकन पुढे वाकला आणि बुडता माणूस वर यावा तसा श्वास घेतला. ओठ काळेनिळे पडले होते. मावशी देवाचा धावा करत होती.

"थोडंसंच राहिलं होतं," तो मला म्हणाला. "तिला सोबत मिळाली की सोपं जातं."

मी डबी त्याच दिवशी घेऊन आले. वाटलं, संपलं.

संपलं नाही. दादा आजही दुपारी त्या खुर्चीत बसतो. हेडफोन डोक्यावर, वायर खाली लोंबते, तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही. एक हात वर. मावशी मध्ये मध्ये जाऊन त्याला गदागदा हलवते, तेव्हा तो श्वास घेतो. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, "फुप्फुसं ठणठणीत आहेत. हे वापरतच नाहीत, त्याला आम्ही काय करणार?" मावशी थकली आहे. दिवसभर जागी असते, पण तिलाही कधीतरी डुलकी लागतेच. त्या डुलकीची मला भीती वाटते.

डबी माझ्या कपाटात आहे. बॅटरी काढलेली.

ती मूळ फाइल, आम्ही काही जोडायच्या आधीची, माझ्या लॅपटॉपवर आहे. गेल्या आठवड्यात धीर करून मी ती साध्या स्पीकरवर लावली. वहिनीचं "झालं?" आता त्यात नाही. कुठेच नाही. आलेख काढून पाहिला. सरळ रेघ. शून्य. कुठल्याही खोलीची शांतता कधी शून्य नसते, हे दादानेच मला शिकवलं होतं. भिंतींनासुद्धा आवाज असतो.

त्या खोलीत आता भिंतीही श्वास धरून आहेत.

फाइल संपली. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. तरी मी ऐकत राहिले. मग आवंढा गिळल्याचा आवाज आला. आणि त्याच्यामागून आणखी एक, थोडा जाड, ओळखीचा...

मी ताबडतोब मावशीला फोन केला. दादा तिच्यासमोर जेवत होता. ठीक होता.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, माझी छाती दुखतेय. किती वेळ मी श्वास अडवून बसले होते, कुणास ठाऊक. हे लिहितानाही दोनदा तसंच झालं. मनाला कितीही सांगितलं तरी आत काहीतरी वाट बघत थांबतं, की कुणीतरी झालं म्हणेल.

ते म्हणायचा अधिकार एकाच माणसाला आहे.

आणि तो हात खाली घेत नाही.